धारवाल्याचा नवा शब्द

मनीषनगरात भरदुपारी आमच्या फाटकाशी एक धारवाला आला. सायकलवरच्या दगडी चाकावर माझी सुरी धरायचा, मग पातं अंगठ्याच्या नखावर हळूच टेकवून बघायचा. त्याची बायको सावलीत बसली होती. घरात मी एकटी. मुलं पळवणाऱ्यांचे व्हिडिओ सकाळीच ग्रुपवर आले होते, म्हणून सुरी देऊन मी फाटकाला कडी लावून आतूनच बघत होते. अचानक ती त्याला एकच शब्द बोलली. ना मराठी, ना हिंदी. त्याने झटकन माझ्याकडे पाहिलं. मी कडी घट्ट धरली.

समोरच्या गॅलरीतल्या काकांनीही ते ऐकलं. मोबाइल धरून ते खाली आले, मागून आणखी चौघं.

"काय बोलून राहिली बे ती? मराठीत सांग," काका त्याला म्हणाले.

त्याने सुरी जमिनीवर ठेवली, मूठ माझ्याकडे करून, आणि रिकामे हात वर केले.

"धंद्याची बोली आहे, साहेब. ती म्हणे, गिऱ्हाईक आपल्याले भेलं, चाल लवकर."

"एवढं सगळं एका शब्दात?"

"हो जी. जुन्या लोकाईपाशी हा शब्द नव्हता. आता रोज लागते, म्हणून आमीच बनवला."

फाटक उघडून मी सुरी उचलायला वाकले. त्याची बायको दोन पावलं मागे सरली.