मुरबाडकडं

माझ्या सासऱ्यांना जगात एकच गोष्ट सहन होत नसे, आणि ती म्हणजे एखादा माणूस कुठे आहे हे आपल्याला माहीत नसणं. माणूस भला की बुरा, जेवलाय की उपाशी, हे सगळं नंतरचं. आधी तो आहे कुठे ते सांगा. नोकरीची सारी वर्षं त्यांनी शहापूरच्या बसस्टँडवर नियंत्रकाच्या खिडकीत काढली. कुठली गाडी कुठून सुटली, कुठे अडकली, किती उशिरा येणार, हे भोंग्यावरून सांगायचं आणि वहीत लिहायचं. निवृत्त झाले तेव्हा खिडकी स्टँडवरच राहिली, पण सवय त्यांच्याबरोबर किन्हवलीजवळच्या आमच्या घरी आली. गाड्या उरल्या नाहीत म्हणून त्यांनी आम्हाला धरलं.

मी लग्न होऊन आले ती नव्वदीच्या दशकातली गोष्ट. दाराच्या आतल्या बाजूला एक काळा फळा टांगलेला होता आणि त्यावर पांढऱ्या रंगाने कायमचे रकाने आखलेले होते: नाव, कुठे, सुटण्याची वेळ, येण्याची वेळ, शेरा. घराबाहेर पाऊल टाकणाऱ्याने खडू घ्यायचा आणि आपले रकाने भरायचे. नव्या नवरीलाही सूट नव्हती. पहिल्याच आठवड्यात मी शेजारी विरजण मागायला गेले आणि गप्पांत अर्धा तास रमले. परत येऊन पाहते तर माझ्या नावापुढे शेरा होता, 'कारण नसताना उशीर'. माझ्या नवऱ्याने एकदा नुसतंच 'मित्राकडे' असं लिहिलं, तर मागोमाग माणूस पाठवून मित्राचं नाव, गाव आणि घराच्या खुणा मागवण्यात आल्या. घरात सगळे त्यांना दादा म्हणत, मीही म्हणू लागले. दादा स्वतः मात्र फळ्यावर कधी अक्षर लिहीत नसत. विचारलं तर म्हणायचे, "नियंत्रक कुठं जातो? तो खिडकीतच आसतो."

हा सगळा कारभार एकाच माणसापाशी अडायचा, तो सासूबाईंपाशी. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून बाहेर जाताना त्या फळ्यावर एक गोल काढायच्या. तो गोल म्हणजे विहीर की शेत की गिरण, हे एरवी तोंडाने सांगून टाकायच्या. दर मंगळवारी मात्र धुतलेलं लुगडं नेसून साडेनऊच्या गाडीला निघताना एवढंच म्हणायच्या, "मुरबाडकडं." मुरबाडकडं म्हणजे नेमकं कुठं, असं दादांनी विचारलं की उत्तर यायचं, "तिकडंच." पाचच्या गाडीने परत. पिशवीत कधी करवंदं असायची, कधी काहीच नसायचं, चेहरा मात्र नुकत्याच न्हाऊन आलेल्या बाईसारखा असायचा. दादांच्या उभ्या आयुष्यात बोर्ड न लावता सुटणारी ही एकच गाडी, आणि ती नेमकी त्यांच्या घरातून सुटायची. त्यांच्या मनात वाईटसाईट काही नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगते. रकाना रिकामा राहतो, एवढंच त्यांचं दुःख होतं.

मग मोबाइल आले आणि दादांना जणू भोंगा परत मिळाला. फोन लावला की पहिला प्रश्न, कुठं हायेस. त्या काळी फोनच्या पडद्यावर जवळच्या टॉवरचं नाव उमटायचं. हे कळल्यापासून आमच्या शब्दाला किंमत उरली नाही, पडद्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवावं लागे. पुढे पुढे तेही पुरेना. आम्ही खोटं वाचत असू या शंकेने ते शेजारच्या माणसाला फोन द्यायला लावत आणि त्याच्याकडून वदवून घेत. माझा नवरा ठाण्याला नोकरीला. जरा आमच्या वडिलांना एवढं नाव वाचून दाखवा, म्हणून त्याने किती परक्या लोकांच्या विनवण्या केल्या असतील, त्याला गणती नाही. एका भाजीवालीने तर दादांना फोनवरच ऐकवलं, "बाबा, तुमचा पोरगा बाप्या मानूस हाय. हरवला तर आमी कळवू." एक दिवस दादा गोठ्यात उभे असताना त्यांच्याच फोनवर मुरबाडच्या बाजूच्या टॉवरचं नाव आलं. ओट्यावर आले की किन्हवली, गोठ्यात गेले की मुरबाड. दुसरा कोणी फोनला हसला असता. दादा तलाठ्याकडे गेले, आपला गोठा दुसऱ्या तालुक्यात कधी लागला ते विचारायला.

त्यात फोनच्या कंपनीने नवी सोय काढली. आपल्या माणसाचा नंबर कळवायचा, कंपनी त्या माणसाला मेसेज पाठवून विचारणार, अमुक जणांना तुम्ही कुठे आहात ते पाहायचंय, चालेल का? त्याने 'हो' कळवलं की त्याचा ठावठिकाणा मेसेजने आपल्या हातात. दादांना सगळी योजना पटली, फक्त मधलं ते विचारणं पटलं नाही. दिवस भारनियमनाचे होते. वीज असेल तेवढ्यात घरातले सगळे फोन ओट्यावरच्या एकाच बोर्डाला ओळीने लागायचे आणि दादा राखणीला बसायचे. एका सोमवारी, माझा नवरा सुट्टी घेऊन घरी होता तेव्हा, त्यांनी आम्हा सगळ्यांचे नंबर कंपनीला कळवले. मेसेज येऊन एकेक फोन वाजू लागला तसा त्यांनी तो उचलला, स्वतःच 'हो' पाठवलं आणि मेसेज पुसून टाकला. सासूबाईंचा आणि माझा फोन एकाच दुकानातून घेतलेला, हुबेहूब सारखा. ओळखता यावा म्हणून सासूबाईंनी कापडी पिशव्या शिवल्या होत्या, माझी हिरवी, त्यांची लाल. गडबडीत दादांनी माझा फोन लाल पिशवीत घातला आणि सासूबाईंचा हिरव्या.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. सासूबाई मुरबाडकडं गेल्या, मी शहापूरला माझ्या शाळेत शिकवायला आले. अकराच्या सुमाराला दादांनी ठावठिकाणा मागवला. उत्तर आलं, सासूबाई शहापूरला. म्हणजे इतकी वर्षं सांगायचं मुरबाड आणि बसायचं उलट्या गाडीला. हादरून त्यांनी माझाही मागवला, तर मी मुरबाडच्या पलीकडे, सिद्धगडाच्या अंगाला कुठेतरी. मिळेल त्या गाडीने ते शहापूरला आले, बायकोसाठी स्टँड पालथा घातला, बाजार धुंडाळला आणि शेवटी माझ्या रजेची चौकशी करायला शाळेत पोचले. मी पाचवीला अपूर्णांक शिकवत होते. मला पाहून ते दारातच थबकले.

"तू हितं कशी गो? तू तर मुरबाडला हायेस."

मी इथेच आहे, सकाळपासून आहे, असं मी सांगितलं. त्यांनी फोन पुढे केला, त्यात कंपनीचं लेखी होतं. डोळ्यांसमोरची सून खरी की पडद्यावरची, याचा ते खरोखरच विचार करत होते. मग त्यांनी सासूबाईंचा नंबर लावला, आणि माझ्या पर्समधली हिरवी पिशवी वाजू लागली. अख्खा वर्ग हसला. मीही हसले, पण डोक्यात उजेड पडल्यावर हसू गेलं. मी म्हटलं, "दादा, कंपनी आधी विचारते ना? मला कधी विचारलं?"

"इचारलेलं," दादा खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "मी हो बोललो. तुमी सगली कामात हुता."

मला राग आला. सासऱ्यांवर रागावण्याची आमच्याकडे पद्धत नाही, तरी आला. माझ्या वतीने माझ्याच फोनवरून हो म्हणणारे हे कोण? मी बरी होते, शाळेतच होते, लपवण्यासारखं माझ्यापाशी काही नव्हतं, आणि तरीही कोणीतरी माझी पर्स उघडून पाहिल्यासारखं मला वाटलं. मी तसं त्यांना स्पष्ट सांगितलं. ते मान खाली घालून मागच्या बाकावर जाऊन बसले आणि तास संपेपर्यंत तिथेच बसून राहिले.

चूक झाली की ती आपल्याच हाताने वहीत नोंदवायची, हा दादांचा नोकरीतला नियम. पाचच्या गाडीने सासूबाई उतरल्या तेव्हा त्यांनी काही न लपवता सगळं सांगितलं, आणि शेवटी पुस्ती जोडली की तुला मी वर्षानुवर्षं विचारतच होतो.

"आनि मी सांगत हुते," सासूबाई म्हणाल्या. "तिकडंच. तेच उत्तर हुतं माजं. आठवड्यातला एक दिस आसा, का मी कुठं हाय ते माजं मलाच ठावं. तो पन घेतला तुमी."

पुढच्या मंगळवारी त्या गेल्या नाहीत. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत बसल्या. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. दादांची अवस्था पाहवेना. बायको दिवसभर नजरेसमोर, फळ्यावर एकही रकाना रिकामा नाही, आणि दादा मात्र वाळत चाललेले. तिसऱ्या मंगळवारी साडेनऊला ते ओट्यावर उभे राहून जुन्या भोंग्याच्या आवाजात पुकारू लागले की मुरबाडकडे जाणारी गाडी फाट्याला लागत आहे, प्रवाशांनी कृपया तयार राहावे. सासूबाईंनी तांदळातून मान वर केली नाही.

चौथ्या मंगळवारी सकाळी त्यांनी कंपनीची सोय बंद केली. आता मात्र एकेकाला विचारून. ठाण्याला फोन करून मुलाला विचारलं, तुजं बंद करू ना, तुजी परवानगी हाय ना. मुलगा म्हणाला, चालूच कधी केलं होतं? मग त्यांनी काळा रंग आणून फळ्यावरचा 'कुठे' हा रकाना पुसून टाकला, आणि गाडीची वेळ झाली तसे माजघरात जाऊन धान्याच्या कणगीकडे तोंड करून उभे राहिले. "कोन जातो, कंच्या गाडीनं, मी बगत नाय," असं ते कणगीला मोठ्याने सांगत होते. सासूबाईंनी धुतलेलं लुगडं नेसलं. मग खडू घेतला, गोल काढला आणि निघाल्या. गाडीचा आवाज विरेपर्यंत दादा वळले नाहीत. त्यानंतर मंगळवारी साडेनऊला कणगीकडे तोंड करून उभं राहणं हे त्यांचं कामच झालं.

सासूबाई कुठे जात ते मला आजही माहीत नाही. अंदाज आहे, पण तो मी इथे लिहिणार नाही. आता त्यांचे गुडघे गेले, गाडीची पायरी चढवत नाही. तरी मंगळवारी त्या धुतलेलं लुगडं नेसतात, फळ्यावर गोल काढतात आणि काठी टेकत घरामागे गोठ्यापाशी जाऊन दगडावर बसतात. परवाच्या मंगळवारी त्यांच्या बहिणीचा फोन आला. दादा अजून कणगीपाशीच होते. मागच्या दारातून सासूबाईंची पाठ मला दिसत होती, दादांनाही दिसली असती, पण त्यांनी मान वळवली नाही.

"मुरबाडकडं गेलीय," ते फोनवर म्हणाले. "कुठं ते ठावं नाय. मी इचारत नाय."