छपराचा साकव

काका कुठेही गेले की आधी वर बघायचे. दवाखाना असो, नाहीतर सीफमधला चकचकीत मॉल; दारात थबकून छत न्याहाळायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. इथे आखातात, मआमीरच्या सुतारी वर्कशॉपमध्ये मी स्टोअर क्लार्क म्हणून आलो, तेव्हा तिथल्या या जुन्या सुताराने मला पहिला धडा तोच दिला. "आधी छप्पर बघावं, ग्रॅज्युएट. खालचं मग बघता येतं."

आमच्या घरात कॉलेज शिकलेला मीच पहिला. काकांनी ती पदवी माझं नावच करून टाकली. पण पहिला पगार होईपर्यंत मला जेवू घातलं तेही त्यांनीच, आणि त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

राजापूरकडच्या त्यांच्या वाडीत ओढ्यावर लाकडी साकव होता आणि त्याला घरासारखं कौलारू छप्पर होतं. त्यांच्या आजोबांनी वाडीला हाताशी धरून बांधलेला. दोन्ही काठांवर जांभ्याचे चिरे, त्यांवर ऐनाच्या लाकडाचे आडवे सोट, लोखंडी खिळ्यांऐवजी लाकडाच्या खुंट्या. तुम्हाला वाटेल, छप्पर येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी. मलाही तसंच वाटलं होतं. काका हसले. "माणूस भिजला तर वाळतो रे. लाकूड भिजत-वाळत राहिलं की कुजतं. छप्पर साकवासाठी."

दर वैशाखात एका घराने ते शाकारायचं, फुटकी कौलं बदलायची, अशी पाळी होती. घरं एकेक करून मुंबईला गेली, दारांना कुलपं लागली आणि सगळ्यांच्या पाळ्या काकांकडे आल्या. पलीकडच्या काठावर आता एकच चूल पेटायची, त्यांच्या विधवा वहिनींची. दुकान, दवाखाना, एसटी, सगळं अलीकडे. म्हणून काका रजा घेत ती वैशाखातच. गणपतीला कधी गेले नाहीत. कोकणातला माणूस आणि गणपतीला नाही! आम्ही चिडवायचो, काका, तुमचा गणपती साकवावरच बसतो.

यंदा तर एक किडलेला सोटही बदलायचा होता. पण अदलियातल्या एका रेस्टॉरंटला आतल्या हौदावर लाकडी पूल हवा होता, छपरासकट, आणि खुंट्यांचं काम काकांशिवाय कुणाला जमेना. "पहले ब्रिज खलास करो, फिर जाओ," आमचा मॅनेजर म्हणाला. काका त्या अर्ध्या पुलावर उभे राहून रेस्टॉरंटच्या छताकडे बघत राहिले. "याला इथे कोण भिजवणार आहे?" एवढंच बोलले.

मग त्यांनी फोन करून वहिनींना सांगितलं, छपरावर ताडपत्री टाकून दोरांनी घट्ट आवळून घ्या. आयुष्यभर छपरं जपलेल्या माणसाने काळजीपोटी घाईत दिलेला सल्ला. कौलांच्या फटींतून वारा निघून जातो. ताडपत्रीखाली तो कोंडला. पहिल्याच वादळात ती शिडासारखी फुगली आणि वासे, कौलं घेऊन ओढ्यात गेली.

फोनवर वहिनीच त्यांना धीर देत होत्या. "भावजी, सोट आहेत अजून. मी जाते-येते की."

ते ऐकून काकांचा चेहरा उतरला. कुठला सोट किडलाय, हे त्यांना ठाऊक होतं. साकवावर पाऊल ठेवू नका, म्हणून त्यांनी परत परत बजावलं. घरात तांदूळ किती आहेत, तेही विचारलं.

रेस्टॉरंटचा पूल त्यांनी पुरा केला, व्हिसा कॅन्सल करून घेतला आणि भर पावसात गावी निघाले. विमानतळावर मी सोडायला गेलो होतो. आत शिरताना ते वर बघायला विसरले.

गावी पोचताच त्यांचा फोन आला. मागे पाण्याचा घोष होता.

"सोट गेला, ग्रॅज्युएट. मी अलीकडेच आहे."

"आणि वहिनी?"

"त्या बऱ्या आहेत. पलीकडे छत्री घेऊन उभ्या आहेत. ओरडून काहीतरी विचारतायत, ऐकू येत नाही."

"काय विचारत असतील?"

"जेवलात का, म्हणून. दुसरं काय विचारणार?"