नानांच्या माथी मारलेलं दुखणं

तोतारामनाना १९८६ साली वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी साहेबांनी घरापर्यंत जीप देऊ केली होती. नानांनी ती नाकारली आणि ते गळ्यातला झेंडूचा हार तसाच ठेवून सायकलवरून घरी आले. आमचं घर त्यांच्या शेजारीच. माझे वडील जीवराम, म्हणजे आमचे आबा, त्यांच्याच शॉपमध्ये, म्हणजे फॅक्टरीतल्या त्याच खात्यात, मशीनवर होते आणि चार महिन्यांनी तेही सुटले.

"जीवराम, चौतीस वर्षं भोंग्याच्या तालावर पाय हलवले," नाना म्हणाले. "आता आपल्या मनानं हलवू."

आणि खरंच, त्या दोघांनी तीन वर्षं जे केलं ते आमच्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. आधी सायकलवरून चांगदेवपर्यंत, मग सावद्यापर्यंत, मग पार सातपुड्यात पालला. डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा, पाण्याची बाटली, हवा भरायचा पंप. संध्याकाळी परतले की नाना ओट्यावर बसून सांगायचे, कुठे मोर दिसला, कुठल्या विहिरीचं पाणी गोड लागलं. साठीत त्यांची पोटरी विशीतल्या पोरासारखी झाली होती. आबांनी भिंतीवर नकाशा लावला होता. तापी जिथून निघते त्या मुलताईपर्यंत जायचं, पाच-सहा दिवसांचा रस्ता, असं दोघांचं ठरलं होतं. एकोणनव्वदची दिवाळी झाली की निघायचं.

त्या वर्षी वैशाखात सावद्याहून परतताना नानांना चक्कर आली. रस्त्याकडेच्या केळीच्या बागेत आबांनी त्यांना निजवलं, डोक्यावर पाणी ओतलं. तासाभरात नाना उठले आणि सायकल चालवतच घरी आले. पण बेबाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, धुळ्याला मुलाला कळवलं.

मुलगा लीलाधर धुळ्यात देवपूरला राहायचा, कॉलेजात शिकवायचा. सून बँकेत. दोन लहान मुलं. लीलाधर दुसऱ्याच दिवशी आला आणि नानांना तपासणीला घेऊन गेला. आठ दिवसांनी नाना परतले ते सामान बांधायलाच.

"हृदय वाढलेलं निघालं," त्यांनी आबांना सांगितलं. आवाज इतका खाली गेला होता की आत असलेली मी कान देऊन ऐकत होते. "सायकल बंद. चढ बंद. लीलाधर म्हणतो, डोळ्यासमोर राहा. रिपोर्ट इंग्रजीत आहे, त्यानं वाचून दाखवला."

नाना मराठी सातवी शिकलेले. मुलगा एम. ए. शंका घ्यायचा प्रश्नच नव्हता.

सायकल त्यांनी फॅक्टरीच्या गेटजवळच्या चहावाल्याला देऊन टाकली. काकूही सोबत गेल्या. धुळ्यात नाना नातवंडांना शाळेत सोडायचे, आणायचे, दूध घ्यायचे, गॅसचं सिलिंडर आलं की घरी थांबायचे. रोज रात्री जेवणानंतर लीलाधर एक लाल गोळी द्यायचा. नाना जिन्यावरून कठडा धरून उतरायला लागले. पांझरा नदीच्या पुलावरून जातानासुद्धा अर्ध्यात थांबून छातीवर हात ठेवायचे. दुखत काहीच नव्हतं, पण दुखेल म्हणून.

आबा मुलताईला गेलेच नाहीत. "तो बरा झाला की जाऊ," म्हणायचे. नव्वदच्या थंडीत न्यूमोनियानं ते गेले.

दहाव्याला नाना आले. सगळे नदीकडे निघाले, पण नाना आमच्या ओट्यावर बसून राहिले. उताराचा रस्ता, येताना चढ. मी मागे वळून पाहिलं तेव्हा ते दोन्ही हातांनी ओट्याची कड धरून बसले होते. तीस वर्षं सोबत काढलेल्या मित्राला पाणी द्यायला त्यांना जाता आलं नाही.

एक्याण्णवच्या मार्चमध्ये नानांच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनच्या आधी तपासणीला ते एकटेच गेले, कारण लीलाधरच्या कॉलेजात परीक्षा होत्या. हृदयाचा आजार म्हणून जुनी फाइल आणि गोळ्यांची पट्टी सोबत नेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कार्डिओग्राम काढला, मग जुना रिपोर्ट उलटसुलट पाहिला.

"बाबा, तुम्हाला हृदयाचा आजार कुणी सांगितला?"

"त्या कागदातच आहे ना, ताई."

"या कागदात सगळं नॉर्मल लिहिलंय. उन्हानं चक्कर आली होती, भरपूर पाणी प्या आणि व्यायाम चालू ठेवा, असं लिहिलंय. आणि ही गोळी तर व्हिटॅमिनची आहे."

हे सगळं नंतर नानांनी स्वतः मला सांगितलं. म्हणाले, दवाखान्यातून घरी कसा आलो ते आठवत नाही. जिना मात्र कठडा न धरता चढलो.

लीलाधर संध्याकाळी आला. नानांनी फाइल त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती उघडून पाहिली. मग म्हणाला, "नाना, तुम्ही सांगून ऐकलं नसतं. रस्त्यात काही झालं असतं तर? आणि इथं मुलांना बघायला कोणी नव्हतं. आम्ही दोघं नोकरीवर..."

"मग तसं सांगायचं. मुलांसाठी या म्हणायचं."

"तुम्ही आला नसता."

"नसतो आलो कदाचित. ते माझं मी ठरवलं असतं."

बेबाकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुले माहीत होतं?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. "नातवंडं डोळ्यापुढं पाहिजे होती मले. तुम्ही दिवसदिवस सायकलवर. मी एकटी त्या घरात काय करू राह्यली होती, ते तुम्ही कधी विचारलं?"

 नंतर नाना मला म्हणाले, "पोराचं मी गिळलं असतं गं. तरुण माणूस, अडचणीत होता. पण ही? ती दोन वर्षं माझ्या उशाला पाण्याचा तांब्या ठेवायची आणि 'जपून उठा' म्हणायची."

डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि महिन्याभरात नाना एकटे वरणगावला परतले. भुसावळहून जुनी सायकल घेतली. पहिल्या दिवशी पाय लटपटले, फाट्यापर्यंतच गेले. पावसाळा संपेपर्यंत चांगदेव गाठलं. गल्लीतले आणखी तीन निवृत्त लोक त्यांच्याबरोबर जायला लागले आणि ओट्यावर पुन्हा हसणं ऐकू यायला लागलं. मुलताईचं नाव मात्र नानांनी कुणालाच काढू दिलं नाही.

काकू दिवाळीला आल्या आणि राहिल्या. नाना त्यांच्याशी भाजीचं बोलायचे, पाहुण्यांचं बोलायचे. एकदा त्यांनी काकूंना विचारलं, "एकटं वाटतं का?" काकू रडल्या. त्यानंतर दर गुरुवारी नाना सायकल घरी ठेवून त्यांना एस.टी.नं कुठेतरी न्यायचे, कधी पाचोऱ्याला बहिणीकडे, कधी जळगावच्या बाजारात. एवढं त्यांनी मनापासून केलं.

पण तेव्हापासून स्वतःच्या तब्येतीचा कुठलाही कागद त्यांनी घरात कुणाच्या हाती दिला नाही. मला इंग्रजी वाचता यायचं, म्हणून काही आलं की माझ्याकडे यायचे, खुर्ची ओढून समोर बसायचे आणि म्हणायचे, "वाच. एकही अक्षर सोडू नको."