म्हशीनं प्यालेलं शरबत

लग्न होऊन आसगावला आले तेव्हा मी स्वतःला फार मोठी समजत होते. लाखनीच्या दुकानदाराची मुलगी, त्यात कुकरमध्ये रेती घालून केक करता येणारी! माझ्याएवढी हुशार सून पवनी तालुक्यात दुसरी नाही, असं मला मनापासून वाटायचं. आज ती पोरगी समोर आली तर वेणीला धरून तिला अंगणभर फिरवीन.

त्या उन्हाळ्यात नणंदेला बघायला पाहुणे येणार होते. सासूबाईंनी मोहफुलांचा पाक करून त्यात चुलीत भाजलेल्या कैऱ्यांचा गर कालवला आणि मडकं ओल्या फडक्यात गुंडाळून गार व्हायला ठेवलं. मला त्या वासाची लाज वाटली. मोह म्हणजे दारू, पाहुणे काय म्हणतील? सासूबाई देवळात गेल्या तशी मी मडकं गोठ्यात नेऊन म्हशीपुढं रिकामं केलं आणि त्या आल्यावर मांजराचं नाव घेतलं.

पाहुण्यांना मी बाटलीतलं नारंगी शरबत दिलं, सोबत केक. कुकरातून काढताना डबा कलंडून रेती केकवर पडली होती. मी वरून पिठीसाखर भुरभुरली, झालं! पाहुणे करकर चावत राहिले. सोयरीक जमली ती नणंदेच्या रूपावर. सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त मोहाचं शरबत त्यांनी पुन्हा कधी केलं नाही. ते कसं करायचं हे मीही विचारून ठेवलं नाही, आणि एक दिवस त्या गेल्या.

यंदा वैशाखात नणंद माहेरी राहायला आली. आजारपणाच्या औषधांनी तिच्या तोंडाची चव पार गेली आहे. भात मातीसारखा लागतो म्हणते. एका दुपारी ताट सरकवून म्हणाली, "वयनी, आईचं मोहाचं शरबत करशील का? तेवढं जिभेले लागलं तं लागलं."

नातीचे नागपूरचे मित्रमैत्रिणी रविवारी यायचे होते. ती म्हणाली, "आजी, आपण सगळ्यांना हेच देऊ. काचेच्या गिलासात, काठाला मीठ लावून. कॉकटेलच, फक्त दारू नाही. केक माझ्याकडे लागला. ओव्हनमध्ये, रेती न घालता."

मी सुकी फुलं भिजवली, उकळली, पाक केला, गर घातला. नणंदेनं एक घोट घेतला आणि खोकायला लागली.

"घशात खरखर करते. फुलातले केसर नाही काढले?"

"काढा लागते?"

"इतके वर्षं काय करत होती आमच्या घरी?"

"केक."

ती हसली. मग सूप घेऊन स्वतःच बसली. फुलं तळहातावर चोळायची, केसर झडले की पाखडायची. चार मुठी झाल्या की भिंतीला टेकायची, पण सूप मला देईना. तिच्या त्या वाळक्या बोटांकडे बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं, "मांजर नव्हतं. मीच म्हशीले पाजलं."

तिनं मान वर केली नाही. "आईले माहीत होतं. म्हशीच्या तोंडाले वास येऊन राहिला होता."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"म्या म्हटलं होतं, बोल तिले. तं म्हणे, नवीन पोरगी आहे, आपल्या घराची लाज वाटली असन तिले."

 चुलीवरचं पाणी उकळून उकळून आटलं, ते पुन्हा ठेवावं लागलं.

रविवारी दुसऱ्या खेपेचं शरबत मी तिच्या हातात दिलं. तिनं घोट तोंडात धरला, डोळे मिटले. किती वेळ गिळेचना.

"आईचं याच्याहून दाट राहे," ती म्हणाली. मग हळूच, "पण आंबट समजून राहिलं मले, वयनी."

बाहेर गाडी थांबली. मी तिच्या गिलासाकडे हात केला, तो तिनं सोडला नाही.

"हा राहू दे. बाकीचे ने पाहुण्यायले," ती म्हणाली. "आन् गोठ्याकडून नको जाजो."