मोठेबाबांचा युरोप

आमच्या मोठेबाबांनी जन्मात एकही गोष्ट वेळेच्या आधी केली नाही, आणि ज्या केल्या त्या अशा ऐन वेळी केल्या की पाहणाऱ्याच्या काळजाचं पाणी व्हावं. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आंधळगावात त्यांची भातगिरणी होती, तलावाखाली धानाची शेती होती आणि अंगात अशी काही निवांत वृत्ती होती की घड्याळ हे यंत्र दुसऱ्यांच्या सोयीसाठी काढलेलं आहे असं ते धरून चालत. छत्री ते पोळ्याच्या बाजारात विकत घेत आणि स्वेटर होळीला. वरठीला, म्हणजे आमच्या भंडारा रोड स्टेशनावर, त्यांनी उभी गाडी पकडल्याचं कोणी पाहिलेलं नव्हतं. गाडी हलली, गार्डाने झेंडी गुंडाळायला घेतली की फाटकाकडून धोतराचा सोगा हातात धरून एक आकृती धावत येताना दिसे आणि डब्यातले अनोळखी लोकसुद्धा हात बाहेर काढून त्यांना वर ओढून घेत. वर आल्यावर धापा टाकत ते सगळ्यांना विचारत, "भेटली का नाही गाडी? मंग पहिलेपासून येऊन मच्छर कायले मारत बसाचं?"

स्वतःच्या लग्नातही त्यांनी हा नियम मोडला नाही. मोठी आई सिहोऱ्याची. लग्न तिथेच होतं. ती हकीकत सांगताना म्हातारपणीसुद्धा तिचा आवाज चढत असे. "अंतरपाट धरला, मी हातात हार घेऊन उभी, भटजी घसा खाकरून राहिले. मी खाली पायलं तं अंतरपाटाच्या पलीकडं पायच नाहीत! माहा मामा म्हणे, नवरदेव तुमसरले दाढी करून राहिला." मोठेबाबा शेजारी बसून शांतपणे म्हणत, "आलो ना पण? का दुसऱ्यासंगं लागलं तुहं लगन?" यावर मोठी आई हसू दाबत चुलीकडे वळे, आणि तेवढ्यावर ती गोष्ट पुढच्या पाहुण्यापर्यंत संपे.

त्यांच्याकडे काहीही मागायला गेलं, काहीही विचारलं की उत्तर एकच, "पाहू ना." गिरणीचा पट्टा बदलायचाय, पाहू ना. छपरावरची कवेलू फेरायची आहेत, पाहू ना. या दोन शब्दांनी गावातल्या कोणाचं फारसं नुकसान झालं नाही. झालं ते त्यांच्या पोटच्या पोरीचं. शालूताई, त्यांची एकुलती एक मुलगी, नागपूरला शिकायला होती. तिथे शिकणाऱ्या एका बंगाली मुलाशी, पुढे तो इंजिनिअर झाला, तिने लग्न ठरवलं आणि बाबांची परवानगी मागणारं चार पानी पत्र लिहिलं. मोठेबाबा रागावले नाहीत, ओरडले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "पाहू ना," म्हणाले आणि गिरणीत जाऊन बसले. दिवस गेले, महिने गेले. शेवटी लग्नाचा दिवसही आला. माझे वडील मोठ्या आईला आणि मला घेऊन नागपूरला गेले. मोठेबाबा त्या दिवशी सकाळपासून गिरणीचा हॉलर, म्हणजे धान सडायचं यंत्र, खोलून बसले होते आणि संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हाही तो तसाच खुला होता. पुढे जावयांना जर्मनीत नोकरी लागली, शालूताई तिकडे गेली, आणि बापलेकीत सहा वर्षं एका अक्षराचा व्यवहार झाला नाही.

म्हणजे उघड उघड झाला नाही. ताईची पत्रं मोठ्या आईच्या नावाने येत. तिला वाचता येत नसे, म्हणून स्वयंपाकघरात बसून मी वाचून दाखवी. मी तेव्हा नुकतीच बी.ए. होऊन मोहाडीच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले होते. पत्र वाचायला घेतलं की मोठेबाबांना हटकून ओसरीवर काहीतरी काम निघे. दाराकडे पाठ करून ते खाटेचा सुंभ आवळत बसत. एकदा पान उलटताना माझी एक ओळ सुटली, तर बाहेरून आवाज आला, "मधातलं काहून सोडलं?" मोठी आई आणि मी एकमेकींकडे पाहिलं. मी ती ओळ पुन्हा वाचली. जर्मनीत फार बर्फ पडलाय, एवढंच तिच्यात होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. एका मे महिन्यात असंच पत्र आलं. जावयांची बदली कॅनडाला झाली होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते जर्मनी सोडणार होते, आणि तिकडे गेल्यावर निदान पाच वर्षं येणं होणार नव्हतं. निघण्याआधी त्यांना पंधरा दिवसांची सुट्टी होती, घरी मोठी मोटार होती. ताईने लिहिलं होतं, "आई, तू ये. तुला सगळे देश दाखवते. बाबांना विचारू नकोस, ते 'पाहू' म्हणतील."

ओसरीवरची खाट करकरली. मोठेबाबा दारात येऊन उभे राहिले. सहा वर्षांत पत्र चालू असताना ते पहिल्यांदा आत आले होते.

"किती दिवस हायेत?" त्यांनी मला विचारलं.

मी मोजून सांगितलं, "तिच्या सुट्टीला पोहोचायचं तर एकोणीस."

"मंग बहोत हायेत," ते म्हणाले. "मृगाच्या आधी वापस येऊ. धानाच्या रोपाचे पऱ्हे टाकाचे हायेत."

दुसऱ्या दिवशी माझ्या शाळेचा नकाशांचा जाड ॲटलास ओसरीवर आला आणि मोठेबाबांनी युरोप आखायला घेतला. मोजायचं साधन अंगठा. "हा बेल्जम म्हणे देश हाय. अर्धा अंगठा! आपल्या भंडारा जिल्ह्यात बसून जाईन. सकाळी निघालं तं दुपारच्या जेवणाले पार." जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली, फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड असे सहा देश त्यांनी बसवले. प्रत्येक देशाला दोन दिवस, बेल्जियमला एक जेवण. जर्मनीपुढे त्यांनी लिहायला लावलं, "एक रात्र."

"एकच?" मोठी आई म्हणाली. "पोरीचं घर हाय तथी."

"मी देश पाहाले जाऊन राहिलो. मधात कोणाचं घर लागलं तं लागलं."

मग मोठी आईच अडून बसली. विमानात लोटा मिळतो का, तिकडे तुळस असते का, आणि मुख्य म्हणजे घरी कोण निवद दाखवील, असे तिचे प्रश्न. ते सुटले तेव्हा तिने बांधाबांध सुरू केली. कुरडया, मोहरीचं लोणचं, आणि घरच्या धानाचा चिन्नोर तांदूळ एवढा की वाटेत दुष्काळ पडला तरी आम्ही तगलो असतो. गावच्या शिंप्याने मोठेबाबांसाठी जाड कांबळ्यासारखा कोट शिवला. मे महिन्याच्या त्या भट्टीत, मधल्या चौकात, ते कोट घालून घाम पुसत उभे राहिले आणि सगळा मोहल्ला तो पाहून गेला. एका म्हाताऱ्याने विचारलं, "काऊन जी, अंगात ताप हाय का?" मला मात्र कोणी काही विचारलं नव्हतं. "तुले इंग्रजी येते, तू चाल," एवढ्यात माझा परदेशप्रवास ठरला.

पैशाची अडचण नव्हती, अडचण होती पासपोर्टांची. मोठेबाबांचे एक शाळासोबती नागपुरात वकील होते. त्यांनी सांगितलं, अर्ज आजच्या आज भरून द्या, मी धावपळ करतो. अर्ज भरायला मी बसले. नाव, गाव, धंदा सगळं झालं.

"प्रवासाचं कारण?" मी विचारलं.

"लिह, देश पाहाले."

मी लिहिलं. माझा आणि मोठ्या आईचा अर्ज बाजूला ठेवून मी त्यांचा सहीसाठी पुढे केला. त्यांनी पेन घेतलं, पण सही काही होईना. ते त्या ओळीकडे पाहत बसले.

"खोडलं तं चालते काय?"

"चालतं. बाजूला सही करावी लागते."

"मंग खोड. सरकारी कागद हाय, खोटं नोको." मग ते हळू आवाजात म्हणाले, "पोरीले भेटाले, असं लिह."

मी खोडलं, लिहिलं. मोठ्या आईने पदर डोळ्यांना लावला आणि विस्तव धुमसतोय म्हणत आत निघून गेली. चूल तेव्हा पेटलेली नव्हती.

निघायच्या दिवशी वरठीच्या स्टेशनमास्तरांना धक्का बसला. गाडीला चार तास होते आणि मोठेबाबा कोट हातावर घेऊन फलाटावर बसलेले. मास्तर कचेरीतून बाहेर आले, त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात मला विचारलं, "घरी कोणी गेलं का हो?" पासपोर्ट अजून हातात आलेले नव्हते. ते घेऊन वकीलसाहेब नागपूरच्या फलाटावर भेटणार होते. नागपूर आलं, गाडी थांबली, वकीलसाहेबांचा पत्ता नाही. मोठेबाबा दारात उभे राहून डोकी न्याहाळत होते. शिटी झाली, गाडी हलली, आणि गर्दीतून काळा कोट घातलेला एक स्थूल माणूस हातातलं पाकीट उंच धरून धावत येताना दिसला. मोठेबाबा एका हाताने दांडा धरून कमरेपर्यंत बाहेर झुकले, मी त्यांचा सदरा मागून घट्ट पकडला, आणि फलाट संपता संपता पाकीट त्यांच्या हातात आलं. आत येऊन त्यांनी पाकीट सदऱ्याच्या आत खोचलं. "पायलं?" ते संतापून म्हणाले. "असं ऐन टायमावर येतेत का लोकं? काही समज?" मोठी आई खिडकीकडे तोंड करून हसत राहिली ती थेट वर्ध्यापर्यंत.

मुंबईहून विमान, विमानातून फ्रँकफर्ट, तिथून पुन्हा आगगाडी. ताईला तार केली होती, पण ती मिळाली की नाही कळायला मार्ग नव्हता. माझ्या इंग्रजीला जर्मनीत कोणी विचारीना. मोठेबाबांच्या झाडीबोलीला मात्र एका जर्मन म्हातारीने मान डोलावली आणि आमचा डबा बोट करून दाखवला. ताईच्या शहराच्या स्टेशनावर आम्ही उतरलो. भलंमोठं स्टेशन, उंच छत, आणि लोकांचा लोंढा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मोठेबाबा तो कांबळ्याचा कोट घालून, डोक्यावर टोपी, पायाशी चिन्नोरचं पोतं, असे उभे होते. मग फलाटाच्या टोकाकडून निळ्या कोटातली एक बाई लोकांना धक्के देत धावत सुटली. ती शालूताई होती. ती आईकडे गेलीच नाही. सरळ मोठेबाबांच्या पुढ्यात येऊन थांबली आणि वाकायचं की बिलगायचं हे न समजून नुसती उभी राहिली.

मोठेबाबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "लय उशीर झाला, पोरी," ते म्हणाले.

"नाही बाबा," ताई म्हणाली, "वेळेवर आलात." आणि वाकून चिन्नोरचं पोतं उचलायला लागली.

जर्मनीतली ती एक रात्र सहा दिवस चालली. इटली आणि स्वित्झर्लंडचं काय करायचं, असं मी दोनदा विचारलं. पर्वत कुठे पळून जात नाही, असं उत्तर मिळालं. जावयांशी मात्र ते थेट बोलत नसत. समोरासमोर बसून मला सांगत, "त्याले म्हणा, भाजी चांगली झाली." जावई हिंदी उत्तम बोलत, तरी तेही गंभीरपणे मला सांगत, "बाबूजींना म्हणावं, आभारी आहे." सहाव्या दिवशी ताईने बाजारातून मासळी आणली. जावयांनी ती मोहरी वाटून स्वतः रांधली, आणि आमच्या चिन्नोरच्या भाताबरोबर, आमच्यासारखीच, हाताने कालवून खायला घेतली. मोठेबाबा घास घ्यायचे थांबून पाहत राहिले. काटे कसे काढतो, भात कसा दाबतो, सगळं पाहिलं. शेवटी मला न सांगता, थेट, म्हणाले, "जवाईबापू, आणखी भात घ्या." आणि मग मोठ्या आईकडे वळून जवळजवळ तक्रारीच्या सुरात, "माणूस भात खाते, मासोळी खाते. मंग आपलं वैर कायचं होतं?"

बाकीचे देश आम्ही उरलेल्या दिवसांत मोटारीतून उरकले. इटली राहूनच गेली. मोठेबाबा पुढे जावयांशेजारी बसले आणि स्वित्झर्लंडपासून हॉलंडपर्यंत त्यांना धानाचे पऱ्हे कसे टाकतात ते समजावत राहिले. बेल्जियममध्ये ते झोपले होते.

परत आल्यावर त्यांनी वर्षानुवर्षं गिरणीत बसून युरोप सांगितला. पर्वत कसे, फ्रान्समधला लोखंडी मनोरा कसा, हॉलंडात वाऱ्यावर गिरण्या कशा फिरतात. धान घेऊन आलेली माणसं पोत्यावर बसून ऐकत आणि आपला नंबर गेलेला त्यांच्या लक्षात येत नसे. मग वय झालं तसे त्यांच्या बोलण्यातून देश एकेक करून गळायला लागले. आधी बेल्जियम गेला, मग हॉलंड. मोठी आई आठवण करून देई, "अन् तो मनोरा नाही का?" ते विचारत, "कोणता मनोरा?" ताई कॅनडाहून दर महिन्याला लिही, आणि पत्र वाचताना आता मला खाटेजवळच बसावं लागे, कारण त्यांना ऐकू कमी येत होतं.

ऐंशीचं दशक सरत आलं असताना एकदा शाळेच्या सुट्टीत मी आंधळगावला गेले. ते अंगणात खाटेवर पडून होते. बोलतं करावं म्हणून मी म्हटलं, "मोठेबाबा, युरोप सांगा ना." त्यांनी बराच वेळ विचार केला. मला वाटलं, उरलेला युरोपही गेला.

"टेसन लय मोठं होतं," ते म्हणाले. "गर्दी किती. मले वाटे, सहा वर्सं झाली, आता कायची वळखते ते मले." त्यांचा हात चादरीवरून थोडा वर आला आणि कोणीतरी दुरून येत असल्यासारखा दाराच्या दिशेने झाला. "पण वळखलं तिनं. एवढ्या लोकांतून वळखलं."

मग त्यांनी डोळे मिटले. पुढचे देश मी विचारले नाहीत.