वाचून पाहिले, बरोबर आहे

माझी सही फार सुंदर आहे. शेलूबाजारला मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकलं तेव्हा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर महिनाभर ती घोटली होती. शेवटी लांब शेपूट, खाली दोन टिंबं. बँकेतला कॅशिअर म्हणायचा, सही अगदी वकिलासारखी आहे. या सहीमुळे मला वाचता येत नाही अशी शंका कधी कुणाला आली नाही.

अगदीच येत नाही असं नाही. अक्षरं ओळखतो. पण ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असते, वेलांटी कुठल्या अक्षराची ते ठरत नाही, आणि शेजारी कुणी उभं असेल तर तेवढंही जमत नाही. शाळेत मला ढ म्हणत. गुरुजी फळ्यापाशी उभं करून धडा वाचायला लावायचे आणि वर्ग पोटभर हसून घ्यायचा. दहावी पास आहे मी. कसा, ते परीक्षा केंद्राच्या खिडक्यांना विचारा. या दुखण्याला डिस्लेक्सिया म्हणतात आणि त्याचा दाखला मिळतो, हे मला चाळिशीत कळलं, तेही मुलीला तेच निघालं म्हणून. अकोल्याच्या डॉक्टरीणबाई तिच्याबद्दल सांगत होत्या आणि मी शेजारी बसून माझंच बालपण ऐकत होतो. मला रडू नाही आलं, राग आला. इतकी वर्षं ज्याची लाज बाळगली त्याला साधं एक नाव होतं.

पण त्याआधी दोन वर्षं अपघात होऊन गेला होता.

सोयाबीनचे दिवस होते. आमच्याकडे सोयाबीन डांबरी रस्त्यावर वाळू घालतात आणि गाड्यांनी तुडवू नये म्हणून भोवती दगड मांडतात. माल उचलून नेतात, दगड तिथंच राहतात. सगळेच त्या दगडांना शिव्या देतात आणि पुढच्या वर्षी सगळेच मांडतात. आमच्या घरचेही मांडतात. माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर मंगरूळपीरकडून रिकामी येणारी एक जीप असे दगड चुकवायला उजवीकडे गेली आणि समोरच्या दुचाकीला लागली. दुचाकीवरचा तरुण जागेवरच गेला. जीप चालवणारे चाचा माझ्या चांगल्या ओळखीचे. मी कायम त्यांच्याच जीपनं फिरायचो, कारण एसटीची पाटी वाचावी लागते आणि चाचा गावाचं नाव ओरडतात. अॅम्ब्युलन्सला वाट हवी म्हणून ते दगड मीच पायानं कडेला लोटले.

पोलीस आले तेव्हा रस्ता साफ होता. पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक समोरचा हॉटेलवाला झाला, दुसरा मी. मी हवालदारांना दगड कुठून कुठवर होते ते चालून दाखवलं.

"हाव भाऊ, लिहूनच राह्यलो ना मी," ते म्हणाले. मग कागद माझ्याकडे सरकवला. "वाचून घ्या आन सही करा."

भोवती दहा-बारा माणसं उभी होती. मी कागद हातात धरला आणि डोळे वरून खाली फिरवले. किती वेळ फिरवायचे याचा मला पक्का अंदाज आहे. लवकर मान वर केली तर लोकांना संशय येतो. मग मान हलवली आणि शेपटीसकट सही केली. तळाशी छापील वाक्य होतं, 'वाचून पाहिले, बरोबर आहे.' वर लिहिलं होतं, रस्ता सरळ, कोरडा, कसलाही अडथळा नाही. हे मला कोर्टात कळलं.

माझ्या दुकानात लोक जळलेली मोटार आणतात आणि म्हणतात, बटन दाबलं आन जळली. मी उघडून बघतो तर बेअरिंग केव्हाचं जाम झालेलं, नाहीतर एक फेज गेलेला, नाहीतर विहिरीत पाणी नसताना तास न् तास चालवलेली. बटन दाबणारा बिचारा सगळ्यात शेवटी आलेला असतो. कोर्टाला मात्र तोच सापडतो. आरोपपत्रात चाचा 'मृत्यूस कारणीभूत' होते. दगड तिथंच टाकून गेलेला शेतकरी त्यात नव्हता, हवालदाराचा कंटाळा नव्हता, माझी सही नव्हती. मागे जायचंच तर फळ्यापाशीचे गुरुजी तरी का सोडायचे? पण असं मागे मागे जात राहिलं तर मेलेल्या पोराच्या आईनं बघायचं कुणाकडे? ती प्रत्येक तारखेला यायची, पहिल्या बाकावर बसायची. तिला एक माणूस हवा होता. तिच्या जागी मलाही हवा असता.

साक्षीला उभा राहिलो आणि दगड होते असं सांगितलं. चाचाही तेच सांगत होते, पण आरोपीचं कोण ऐकतो. सरकारी वकिलांनी पंचनामा पुढे केला.

"सही तुमची?"

"माहीच आहे."

"वाचून केली ना?"

"साहेब, मले वाचता येत नाही."

"दहावी पास आहात. दुकानावर एवढी मोठी पाटी आहे."

"ते पेंटरनं लिहिली."

मागचे लोक हसले. अगदी वर्गासारखे हसले. मी दुखण्याचं नाव सांगितलं. दाखला आहे का, विचारलं. म्हटलं, मुलीचा आहे. पुन्हा हशा झाला. चाचांचे वकील घाईघाईनं फाइलची पानं उलटायला लागले, हे त्यांनाही नवीनच होतं. साक्षीदार आरोपीच्या जीपनं फिरणारा आहे, त्याला वाचवायला खोटं बोलतो, असं ठरलं आणि मी फितूर झालो. उभ्या जन्मात एकदा चारचौघांत खरं बोललो, त्याची ही नोंद आहे.

चाचांना सहा महिन्यांची कैद झाली. अपिलापर्यंत जामीन मिळाला, पण पासष्टीला आलेल्या माणसाचं लायसन्स गेलं ते गेलंच. व्हरांड्यात वकील माझ्यावर चिडले. आधी बोलला असतात तर तुमचीच तपासणी करून दाखला जोडला असता, म्हणाले, आणि निघून गेले. चाचा बाकावर बसले होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"चाचा, मी तुमाले आंधीच सांगाले पायजे होतं."

"काय सांगतं? मले मालूम होतं ना," चाचा म्हणाले. "पोरीच्या लग्नाची पत्रिका देल्ली होती मी तुले. तू पाच मिन्टं पाह्यत बसला आन मंग मलेच इचारलं, लगन कोनत्या दिवशी हाय."

"मंग वकिलाले काहून नाही सांगतलं?"

"त्यायनं दोन डाव इचारलं, हा पंच वाचून सही करनारा हाय का म्हने. मी म्हनलं, हाव, शिकेल मानूस हाय." चाचांनी बाकाखालची चप्पल पायानंच ओढून घेतली. "सांगतलं असतं तर तुही इज्जत गेली असती ना बाजारात, बेटा."