बिनविरोध गावाची बातमी

नव्वदच्या दशकात मी जालन्यातल्या एका दैनिकात जिल्ह्याच्या बातम्या पाहत असे. गावोगावचे बातमीदार आपला मजकूर पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरकडे देत. स्टँडवरून पाकिटं आणायची, मजकूर दुरुस्त करायचा, मथळे द्यायचे, हे माझं काम. ग्रामपंचायतीच्या निवडणुकांत काही गावांचा मथळा ठरलेला असे: गावाने दाखवली एकजूट, निवडणूक बिनविरोध. अशा गावाचं कौतुक करायची आमच्याकडे पद्धतच होती.

त्याच काळात रविवारी सकाळी मी शहरातल्या मस्तगड भागात जाई. तिथे इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक पाच-सहा जणांना घरीच उदारमतवादाचा उगम समजावून सांगत. त्यांची सुरुवात विचारवंतांपासून होत नसे. युरोपात धर्मावरून पिढ्यान्‌पिढ्या कत्तली झाल्या आणि थकलेल्या माणसांना कळलं की शेजाऱ्याची श्रद्धा त्याच्यापाशी राहू दिली तरच आपल्यालाही जगता येईल, इथून ते सुरू करत. मग सतराव्या शतकातलं इंग्लंड. राजाची सत्ता देवाने दिलेली नाही, ती लोकांच्या संमतीवर उभी आहे. माणसाचा जीव, त्याचे श्रम आणि त्याची मालमत्ता यांवरचा हक्क सरकारने दिलेला नाही, तो आधीचाच आहे. पुढच्या शतकात स्कॉटलंडमध्ये व्यापाराचा विचार झाला: कोणी काय विकावं, कोणता धंदा करावा, हे दरबाराने ठरवायचं कारण नाही. एकोणिसाव्या शतकावर आले की सरांचा आवाज चढे. राजाला आवर घातला, आता बहुमताला कोण घालणार, असं ते विचारत. सगळ्या गावाविरुद्ध एकच माणूस असला तरी त्याला गप्प करायचा अधिकार गावाला नाही, हे मी वहीत उतरवून घेतलं होतं.

एका दुपारी कुंभार पिंपळगावच्या पलीकडच्या एका गावातला गवंडी ऑफिसात आला. बौद्ध वस्तीतला, चाळिशीचा. राखीव जागेवर कोण, हे गावाने परस्पर ठरवलं होतं. याने खुल्या जागेवर अर्ज भरला होता. माघारीची मुदत दुसऱ्या दिवशी तीनला संपत होती.

"साहेब, एक ओळ छापा. माझा अर्ज कायम हाय, एवढीच."

"मागे घ्या म्हणून धमकी दिली का कोणी?"

"धमकी कसली? हात जोडून राह्यले. सकाळपासून सरपंचासकट बारा जण दारात बसलेत. चहा बी माझाच पिऊन राह्यले."

शेजारचा उपसंपादक हसला. "अहो, पण तुम्ही पडणार."

"बिलकुल पडतो! पण मोजू तर द्या. माझ्या बाजूनं किती जण हायत, मला तरी कळंल. पेपरात आलं तं उद्या दारात बसायची लाज वाटंल त्यांना."

दुसरी बाजू घेतल्याशिवाय बातमी द्यायची नाही, हा आमचा नियम होता. तो मी त्याला सांगितला. तो गेल्यावर गावात फोन लावला. लागला नाही. मी दुसऱ्यांदा लावला नाही. त्याचा अर्ज कायम आहे, ही माहिती तहसील कचेरीच्या फलकावर होती. तिला दुसरी बाजू नव्हतीच. हे मला त्या संध्याकाळीही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तीनच्या आत त्याने अर्ज मागे घेतला. त्या गावचं पाकीट आलं. मजकुरात त्याचा उल्लेख 'समंजसपणे माघार घेणारे' असा होता. तो मी तसाच ठेवला आणि नेहमीचा मथळा दिला.

रविवारी सरांनी पेपर पुढे केला. "बातमीदारसाहेब, गावाने संमती दिली म्हणता. न देण्याची सोय होती का तिथं?"

"चौकशी करतो," मी म्हणालो. तो माणूस माझ्या टेबलापर्यंत आला होता, हे त्यांना सांगितलं नाही. नंतरही कधी सांगितलं नाही.

पुढची निवडणूक आली तेव्हा मी त्याला शोधलं. जुन्या जालन्यात एका दुकानाच्या बांधकामावर तो भेटला.

"यंदा भरता का अर्ज?"

"कुठून भरू? नाव इकडल्या मतदार यादीत आणलं." तो विटा रचत बोलत होता. "माघार घेतल्यावर गावात काम कमी न्हाई झालं, खोटं कशाला बोलू. वाढलंच. पण जो तो म्हणायचा, समंजस माणूस हाय. ते ऐकवंना मंग."

मग त्याने विचारलं, "तवा ती ओळ का न्हाई आली, साहेब?"

"फोन लागला नाही."

"कोणाला लावल्ता?"

"सरपंचाला."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग खाली वाकून थापी उचलली.